डाव्या कालव्याच्या काठाने: पैठण ते परभणी

सोमवार, पैठण

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, यंदा भरलेला आहे. धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही, पाणी आणि त्यावर थंडीत उतरलेले पक्षी एवढंच दिसतं. जून २०२४ मध्ये हाच साठा दहा टक्क्यांच्याही खाली गेला होता, आणि सप्टेंबरात दरवाजे उघडावे लागले. आज जानेवारी २०२५ आहे आणि रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्यात पाणी सोडायची पाळी, चालू आहे. कालव्याच्या तोंडाशी पाणी चांगलं जोरात आहे.

माझे मामा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्याच मोटारसायकलवर आम्ही डाव्या कालव्याच्या भरावाने खाली जाणार आहोत, जिथवर वाट आहे तिथवर. दुष्काळाच्या वर्षी सगळेच येतात, टँकरचे फोटो काढतात. मला भरल्या धरणाच्या वर्षी यायचं होतं. पाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक असताना शेवटच्या चारीवरचं, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटावरचं, घर त्या पाण्यावर कसं चालतं, ते बघायचं होतं.

जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातल्या एका गावाचं. धरण आधी तिथं व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला वापरता येणारा २,१७१. वर्तमानपत्रांच्या भाषेत १०२ आणि ७६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ चा. दोन्हींवर मिळून सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टर भिजवायचं ठरलं होतं. हे आकडे मामांना तोंडपाठ आहेत, आणि ते सांगताना आवाजात अजून अभिमान असतो. पुढच्या वाक्याला मात्र त्यांचा आवाज खाली येतो. या कालव्याची रचना ३,६०० क्युसेकची, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी वाहण्याची, पण पन्नास वर्षांत अस्तर उखडलं, भराव खचले, गाळ साचला. आता तेवढं पाणी सोडलं तर कालवा फुटेल, म्हणून बरंच कमी सोडतात. म्हणजे धरण भरलेलं असलं तरी ते खाली नेणारी वाटच अरुंद झाली आहे.

दुसरी अडचण धरणाच्या वरच्या बाजूला आहे. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे अशी धरणं आहेत. वरून जेवढं पाणी येईल असं धरून जायकवाडी बांधलं, तेवढं ते येत नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. त्यातून पुढे १५ ऑक्टोबरची तारीख आणि ६५ टक्क्यांची रेघ ठरली: त्या दिवशी जायकवाडीत जिवंत साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये तशी वेळ आली. ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला आणि दोन्हीकडचे लोक रस्त्यावर उतरले. माझी मावसबहीण नेवाशाला दिली आहे. त्यांचा ऊस-कांदा मुळेच्या पाटावर. त्या दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा पाण्याचा विषय घरात कुणी काढला नाही. तिचं पाणी सुटलं की आमच्याकडे येतं आणि आमचं अडलं की तिच्याकडे राहतं, हे दोन्ही घरांना कळत होतं. तिच्या सासऱ्यांनाही कांद्याला एक पाणी कमी पडणार होतं, त्यांची भीती खोटी नव्हती.

मंगळवार, पाचोड ते अंबड

सकाळी भरावावर धुकं होतं. पहिल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी ऊस, मधूनमधून मोसंबी. कालव्यात टाकलेले पाइप मी मोजायला घेतले आणि सोडून दिले. मामा म्हणाले, "नोकरीत असताना मी हे पाइप काढायला जायचो. सकाळी काढले की रात्री पुन्हा पडायचे. एकदा एका घरी बाई पुढं आली, म्हणाली, साहेब, काढा तुम्ही, पण लेकराच्या फीचं काय सांगता ते सांगून जा." पाइप टाकणाऱ्याला चोर म्हणायला मामा तयार नाहीत. त्या पाइपाने शेवटच्या गावाचं पाणी कमी होतं, हेही तेच सांगतात.

अंबडच्या अलीकडे एका मोसंबीच्या बागेत थांबलो. जालन्याची मोसंबी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. बागेच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, हातात कात्री घेऊन सल, म्हणजे वाळक्या काड्या, काढत होत्या. मोसंबीचं झाड लावल्यापासून पाच-सहा वर्षं नुसतं जपायचं, मग फळ धरतं. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या हजारो हेक्टर बागा वाळल्या. यांनी दोन महिने टँकर विकत घेऊन झाडं धरून ठेवली. मग दागिने संपले आणि एप्रिलात झाडं तोडली. "तोडायच्या दिवशी मालक रानात आले नाहीत. मीच गडी घेऊन आले," त्या म्हणाल्या. बांधाच्या कडेला एक जुना बुंधा त्यांनी मुद्दाम ठेवला आहे. त्यावर हात ठेवून त्यांनी मला कापलेल्या खोडाची वर्तुळं दाखवली. आतली चांगली रुंद, शेवटची, सालीलगतची दोन-तीन अगदी बारीक.

२०१५ नंतर त्यांनी पुन्हा बाग लावली. ही झाडं नऊ वर्षांची. आता ती ताणावर आहेत. आंबे बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमाराचा मोसंबीचा फुलोरा, धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात, झाडाला विश्रांती देतात. पाव हिस्सा पानं गळली की ताण पुरा झाला असं समजायचं, आणि मग आंबवणीचं हलकं पाणी द्यायचं. ते दिलं की फूट येते, फूल येतं. त्यांनी एक फांदी खाली ओढली. पानं पिवळसर, देठाशी सैल झालेली, बोट लागलं की गळत होती. "आठ दिवसांत पाणी पाहिजे. विहिरीत आहे थोडं, तेवढ्यावर आंबवणी होईल. पण फूल आल्यावर मागचं पाणी कॅनॉलचंच. तेव्हा पाळी बंद असली तर फूल गळतं, मग वर्ष गेलं."

त्यांच्या थोरल्या मुलाने शेततळं खोदायचं म्हणून कर्ज काढलं आहे. प्लास्टिकचा कागद अंथरून कालव्याचं पाणी त्यात साठवायचं. ज्याच्याकडे तळं आहे त्याला पाळीची तारीख पंधरा दिवस पुढेमागे झाली तरी चालते, ज्याच्याकडे नाही त्याला नाही. या कालव्याच्या काठावर घरांची ऐपत आता अशी मोजली जाते. किती एकर हे नंतर, आधी तळं आहे का ते विचारतात.

बुधवार, घनसावंगी तालुका

उसाच्या पट्ट्यात आलो. तोडणी ऐन भरात आहे. रस्त्याकडेला कोपींची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांची, रांग, बाहेर चुली, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. पहाटे चारलाच टोळी फडात गेलेली. आम्ही पोचलो तेव्हा मोळ्या बांधून गाडी भरायचं काम चाललं होतं. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती, खाली नवरा दुसरी मोळी तयार ठेवत होता. ती चढून उतरली तरी दोघांत एक शब्द नाही, कारण बोलायला श्वास लागतो.

जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ बसले. गाव विचारलं. पाथरी तालुक्यातलं. मी म्हटलं, "तुमच्याकडे तर कालवा आहे ना?" तिने हात करून समोरच दाखवला. "हाच की. आमच्या गावाला हाच येतो." मग जरा थांबून म्हणाली, "म्हंजे, यायला पाहिजे."

दोन एकर जमीन आहे. काळी, खोल, चांगली. हरभरा पेरते. दोन पाळ्या मिळाल्या तर एकरी सात-आठ क्विंटल होतो, न मिळाल्या तर तीन. मी तिच्यासोबत वाळूत बोटाने हिशेब मांडला. दोन एकरांत साधारण आठ क्विंटलचा फरक. हरभऱ्याचा यंदाचा हमीभाव ५,६५० रुपये, म्हणजे पंचेचाळीस हजारांवर रक्कम. दुसऱ्या बाजूला उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून दोघांच्या जोडीला लाखभर रुपये उचल मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्यानंतर टनाला ३६६ रुपये. लाखाची उचल फिटायला पावणेतीनशे टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तर खाडे न करता साडेचार महिने. आजारपण, मासिक पाळी, लेकराचा ताप, यातलं काही आलं की खाडा, आणि खाड्याचा दंड वेगळा.

"पाण्याची खात्री असती तर आला असता का?" मी विचारलं.

"एकाने आलं नसतं," ती म्हणाली. "हे मजुरीला गेले असते, मी घरी ऱ्हायले असते. पोरगी दहावीला हाये. ती आजीपाशी हाये, पण आजीला दिसत नाही. स्वयंपाक पोरगीच करती, मग शाळंला जाती." एवढं बोलून ती उठली. भाकरी गुंडाळलेलं फडकं तिने झटकलं, चार घडीचं केलं आणि कंबरेला खोचलं. गाडी भरायची होती.

हाच कालवा तिच्या गावाला पोचण्याआधी इथला ऊस भिजवतो आणि तो ऊस तोडायला ती तिच्या गावाहून इथे येते. हे नुसतं ऐकलं असतं तर मला कुणीतरी रचून सांगितलेलं वाटलं असतं. पण ती पाथरीची एकटी नव्हती. त्याच रांगेत पुढे दोन कोपी तिच्याच गावच्या होत्या.

रात्री मामांच्या एका जुन्या परिचिताकडे मुक्काम. त्यांचा सहा एकर ऊस. उसावर राग काढायला मी तयारच होते. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने लिहून ठेवलं आहे की महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीतला चार टक्क्यांहून कमी हिस्सा उसाचा, आणि सिंचनाचं जवळजवळ ७० टक्के पाणी त्याला जातं. काकांना हा आकडा माहीत होता. त्यांनी वाद घातला नाही, उलट मला विचारलं, "गव्हाला पहिलं पाणी कधी लागतं?" मुकुटमुळं फुटतात तेव्हा, पेरल्यापासून अठरा ते एकवीस दिवसांनी, मी सांगितलं. "आणि पाळी तिसाव्या दिवशी आली तर?" फुटवे कमी, उतारा खाली. "कांद्याचं तर विचारूच नका. उसाला मात्र पंधरा दिवस उशीर झाला तरी तो मरत नाही. वजन घटतं, पण हातात काहीतरी लागतं. शिवाय दर आधीच ठरलेला. तारखेचा भरवसा दिला असता तर मी चार एकर गहू-हरभरा केला असता. बाकी काय करू?"

हे बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. ऊस पाणी खातो म्हणून खाली टंचाई होते, हे आपण सगळे म्हणतो. पण पाण्याची तारीख बेभरवशाची आहे म्हणून माणूस उसाकडे जातो, हे कालव्याच्या काठावर बसल्याशिवाय कळत नाही. कमी पाण्याची पिकं वेळेवर पाणी मागतात. आपण शेतकऱ्याला वेळ देत नाही आणि पीक बदल म्हणतो. सगळा ऊस यामुळेच झाला असं नाही. कारखाने आहेत, राजकारण आहे, एकदा लावला की खोडवा आहे. तरी काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

गुरुवार, पाथरीच्या अलीकडे, रात्रीची पाळी

आजचा दिवस रस्त्यात गेला, खरं काम रात्री होतं. एका मायनरवर, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यावर, पाळी आली होती आणि मामांच्या ओळखीने मला एका घरच्यांसोबत दारं धरायला, म्हणजे रानात पाणी वळवायला, जायची परवानगी मिळाली.

पद्धत अशी. पाणी हवं असेल तर शेतकऱ्याने नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा: गट नंबर, पीक, क्षेत्र. मागची पाणीपट्टी थकलेली नसावी. मग शेजपाळीने, म्हणजे क्रम लावून, प्रत्येकाचा दिवस आणि तास ठरतो. पूर्वी चारीवर पाटकरी असायचा, तो दार उघडायचा, बंद करायचा, भांडण मिटवायचा. मामांच्या हाताखाली एकेकाळी पुरेशी माणसं होती. निवृत्त झाली त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि शेवटी शेवटी अनेक गावं मिळून एकटा माणूस उरला. आता चारीवर ज्याचा आवाज मोठा आणि घरात माणसं जास्त, त्याचा क्रम आधी लागतो.

आमची वेळ रात्री अकराची होती. पाणी आलं पावणेदोनला. थंडी मी म्हणत होती. घरातले भाऊ वरच्या दाराशी राखण करायला बसले, कारण दोन शेतं वरून कुणी पाणी वळवलं तर इथे कळायला अर्धा तास जातो. वाफ्यात त्यांची बायको आणि सासू. वहिनींनी साडीचा काष्टा घातला, पायात जुने गमबूट, डोक्याला टॉर्चचा पट्टा. पाणी दांडातून आलं तेव्हा आधी आवाज आला, कोरड्या ढेकळांतून हवा फुटते तसा, मग टॉर्चच्या उजेडात त्याचं टोक दिसलं. काडीकचरा, वाळलेली पानं आणि फेस पुढे ढकलत ते आलं. वहिनींनी फावड्याच्या दोन घावांत पहिल्या सरीचं तोंड फोडलं आणि पायाने माती दाबून दांड पुढे अडवला. सरी भरत आली की पुढची फोडायची, मागची त्याच मातीने बुजवायची. सासूबाई सरीच्या दुसऱ्या टोकाला अंधारात उभ्या. पाणी पायाला लागलं की ओरडायच्या, "आलं गं!" त्यांना टॉर्च लागत नाही, पायाला गार लागलं की पुरे.

गहू गुडघ्याच्या खाली होता, कांडी धरायच्या बेतात. दुसरं पाणी नेमकं याच वेळी लागतं. "बरं झालं आलं," वहिनी म्हणाल्या, पण हात थांबला नव्हता. अर्धा एकर भिजला आणि सव्वाचारच्या सुमाराला पाणी एकदम बारीक झालं. भाऊ वर पळाले. वर कुणीतरी दार फिरवलं होतं. आरडाओरडा ऐकू आला, मग शांत झालं. परत आले तेव्हा म्हणाले, "त्यांच्या पोराच्या हातात कोयता होता. मी म्हटलं ऱ्हाऊ द्या." उरलेला अर्धा एकर पुढच्या पाळीवर गेला, आणि ती कधी, ते कुणाला माहीत नाही.

सात-बारा भावांच्या नावावर आहे, अर्जावर सही त्यांची असते. रात्रभर पाण्यात उभी वहिनी राहते. मी हे बोलून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तिच्या नावावर असतं तर तिनं वरचं दार फिरवू दिलं असतं का?" आणि सुनेकडे बघून हसल्या. त्या हसण्यात कौतुक होतं.

शुक्रवार, मानवत तालुका, टेल, म्हणजे पाणी शेवटी पोचतं ते टोक

कालव्यात पाणी आहे. आम्ही रस्त्यावरून ते पाहत आलो. पण या गावच्या चारीत नाही. मुख्य कालव्याची पातळी इतकी खाली की मायनरच्या तोंडात पाणी चढतच नाही. चारीत वेड्या बाभळी वाढल्यात, त्यांची खोडं माझ्या दंडाएवढी झाली आहेत. दोन ठिकाणी चारी बुजवून त्यावर हरभरा पेरलेला. मामा ते पाहून रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खाली वाकून हरभऱ्याचा शेंडा खुडला, चाखला आणि म्हणाले, "पेरणारच. सहा वर्षं पाणी नाही आलं तर ती चारी थोडीच ऱ्हाती."

गावातली बैठक पाराजवळ भरली. मी वही काढली, पण लोक आकडे सांगत नव्हते, वर्षं सांगत होते. १९८०-९० च्या काळात इथं पाणी यायचं. तेव्हा विहिरींनाही कालव्याचा पाझर मिळायचा, चैत्रातही पोहरा बुडायचा. पाणी येईनासं झालं तशा विहिरीही आटल्या, मग बोअर घेतले. एका घरात सात बोअर, त्यातला एक चालू. बोअरचं कर्ज फेडायला बापलेक पुण्याला वॉचमन. शेत बटईने दिलेलं.

एका आजोबांनी मला नीट समजावून सांगितलं. ज्वारी दसऱ्याच्या आधी पेरायची, हरभरा दिवाळीच्या आगेमागे. धरणात किती पाणी आहे ते सरकार १५ ऑक्टोबरला बघतं. त्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते, किती पाळ्या मिळणार ते ठरतं. ते गावापर्यंत येईतो नोव्हेंबर उजाडतो. "तोवर बी जमिनीत गेलेलं असतं. आम्ही कोरडवाहू पेरलं आणि पाणी आलं, तर ज्वारी दाट नाही, खत टाकलेलं नाही, पाण्याचा उपेग काय? बागायती पेरलं आणि पाणी नाही आलं, तर खताचे पैसे बुडाले. दोन्हीकडून आम्हीच. पाणी नाहीच म्हणून सांगा, आम्ही करडई पेरू, जवस पेरू, पोरं कामाला पाठवू. पण सांगा तर खरं. आणि सांगितलं तर आणा."

माझ्या मनात इतके दिवस साचलेलं त्यांनी थोडक्यात मांडलं. मोसंबीवाल्या मावशींना आठ दिवसांची खात्री हवी, ऊसवाल्या काकांना एकविसाव्या दिवसाची, पाथरीच्या त्या बाईला दोन पाळ्यांची. पाणी कमी असलं तर तेवढ्यात घर बसवायची कला या भागाला १९७२ पासून येते. घर मोडतं ते शेवटच्या क्षणापर्यंत टांगलेल्या आशेने. त्या आशेवर बियाणं उधार आणलं जातं, मुलीचं कॉलेज पुढच्या वर्षावर जातं, म्हैस विकायची की ठेवायची हे पाळीच्या बातमीवर ठरतं. आणि मुकादम दसऱ्याला दारात उभा असतो. तो मात्र तारीख सांगतो, रोख पैसे देतो. त्याच्याकडे लोक का जातात, याचं मला आता नवल वाटत नाही.

त्या बाईचं गाव आमच्या वाटेवरच होतं, म्हणून मागे जाऊन तिच्या घरी थांबलो. पोरगी शाळेतून नुकतीच आली होती. आजीने ओळख विचारली. मी सांगितलं, तुमची लेक भेटली, बरी आहे. पोरगीने चहा ठेवला. भूमितीची वही चुलीपासून लांब ठेवली होती, तिच्यावर ताट पालथं घातलं होतं. रानात हरभरा दिसला तर बघून जा, असं तिच्या आईने सांगितलं होतं, म्हणून पोरगीच मला घेऊन गेली. हरभरा फुलोऱ्यात होता. घाटे धरायच्या वेळी एक पाणी मिळालं तर साधेल. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडायला लागल्या होत्या. मी फोटो काढून तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवला.

शनिवार, परभणी

परभणीला कृषी विद्यापीठ आहे, १९७२ चंच. दुष्काळ आणि विद्यापीठ एकाच सालचे. कोणत्या पिकाला कोणत्या दिवशी पाणी द्यायचं, याचं ज्ञान इथे कमी नाही. पुस्तिका आहेत, शिवारफेऱ्या होतात. पुस्तिकेतला दिवस आणि कालव्यातला दिवस जुळवणारा कुणी नाही.

जुळवता येतं, हे मात्र खरं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. तिथल्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात पाणीवापर संस्था काढल्या, आणि पुढे सगळ्या संस्थांनी मिळून प्रकल्पाचा कारभार हाती घेतला. पाणी मोजून घ्यायचं, हंगामाआधी वाटा ठरवायचा आणि टेलकडून सुरुवात करायची. २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही झाला. वाघाड छोटं आहे, जायकवाडी अवाढव्य आहे, तीच गोष्ट इथे जशीच्या तशी होणार नाही, असं मामा म्हणतात. माझं म्हणणं, एका मायनरवर तरी व्हावी. आमचा यावर बसस्टँडवरच्या हॉटेलात बराच वाद झाला. मामांनी शेवटी मान्य केलं की चारी दुरुस्त नसताना संस्था काढून तिच्या गळ्यात देखभाल मारायची, ही फसवणूक आहे. आधी चारी, मग संस्था. इथवर आम्ही दोघं एकमत झालो.

दुपारी मानवतचे आजोबा आणि गावातली आणखी चौघं परभणीला आली. त्यांना अर्ज लिहून हवा होता आणि मामांचं अक्षर चांगलं आहे. मागण्या तीन. चारीतल्या बाभळी काढून तोंडापाशी पातळी मिळेल अशी दुरुस्ती उन्हाळ्यात करावी. पुढच्या रब्बीच्या पाळ्यांच्या तारखा सप्टेंबरअखेर लेखी द्याव्यात, साठा कमी असेल तर "पाणी नाही" असं लेखी द्यावं. आणि पाळी टेलपासून सुरू करावी. सह्या करताना दोघी बायका पुढे झाल्या. त्यांच्या नावावर जमीन नाही म्हणून एकजण अडवायला लागला. आजोबा म्हणाले, "रात्री दारं कोण धरतं?" सह्या झाल्या.

मामांनी चार प्रती काढायला लावल्या. तीन वेगवेगळ्या कार्यालयांत द्यायच्या, आणि चौथीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. आजोबांनी विचारलं, उत्तर नाही आलं तर? मामा म्हणाले, तीस दिवस बघा, मग त्याच शिक्क्याची प्रत लावून माहितीच्या अधिकारात विचारा. तो अर्ज मी लिहून देणार आहे.